उंबर कुठं पिकलाय? वासोटा ते चांदोली, धनेशाच्या मागावर

सातारा-सांगलीच्या डोंगरात धनेश (हॉर्नबिल) बघायचा असेल तर दुर्बिणीच्या आधी झाडं ओळखायला शिका. कोणता उंबर पिकलाय, कोणत्या बेहड्याला ढोली आहे, नांदरूक कुठल्या ओढ्याला आहे, एवढं ठाऊक असलं की पक्षी आपोआप सापडतो. झाडं न ओळखता नुसतं हिंडलं तर दिवस सरतो आणि पदरात लांबून ऐकलेला आवाज तेवढा पडतो. म्हणून या प्रवासात आम्ही थांबे ठरवले ते झाडांवरून.

सुरुवात म्हसव्याच्या वडापासून केली. पुण्याहून साताऱ्याकडे येताना पाचवडच्या बाजूला, जावळी तालुक्यात हे गाव आहे. या वडाचा घेर 1882 साली मोजला तेव्हा 1587 फूट भरला होता. इथं दिसतो तो राखी धनेश, इथल्या चारही जातींतला (राखी, मलबारी राखी, मोठा आणि कवड्या) सर्वांत धीट. साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगली-मिरजेच्या जुन्या बंगल्यांच्या आवारातही तो राहतो. करडा रंग, चोचीवर छोटं टोकदार शिंग, लांब शेपूट आणि घारीसारखी बारीक किंचाळी. उडताना चार-पाच वेळा पंख मारतो, मग तरंगतो, पुन्हा पंख मारतो. ही चाल एकदा डोळ्यांत बसली की धावत्या गाडीतूनही तो ओळखू येतो. त्याला जंगल नसलं तरी चालतं, पण रस्त्याकडेचे वड-पिंपळ मात्र हवेत. रुंदीकरणात तेच आधी जातात. मिरज तालुक्यातल्या भोसे गावी 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येणारा जुना वड वाचवायला लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली गेली. आखणी बदलता येते हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं. ते प्रत्येक रस्त्याच्या वेळी आठवायला हवं.

साताऱ्याहून यवतेश्वर, कास करत बामणोलीला उतरलं की समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पसरलेला असतो. इथून पुढे कोयना अभयारण्य. वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी आणि लाँच दोन्ही बामणोलीतच मिळतात. पहिली लाँच धरावी. पाण्यातूनच एक ते दीड तास जातो, संध्याकाळच्या आत परतावं लागतं, मुक्कामाला परवानगी नाही. पावसाळ्यात वाट बंद असते. पायथ्याला वनरक्षक पिशव्या तपासतात, त्यामुळे प्लास्टिक मुळातच कमी न्यावं. उशिरा पोचणाऱ्यांचं हमखास एकच होतं: नऊनंतर धनेश चारा खाऊन दाट पानात शिरतो, आणि तुम्ही नेमके तेव्हा चढायला लागता.

पायथ्याचा ओढा ओलांडला की सलग सदाहरित पट्टा लागतो. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, मधूनच भेर्ली माड. इथला यजमान मलबारी राखी धनेश. याच्या चोचीवर शिंग नसतं, आणि आवाज म्हणजे कुणीतरी घोगऱ्या गळ्यानं खदाखदा हसावं तसा. जगात हा फक्त पश्चिम घाटात सापडतो. आधी दिसेल असं समजू नका, आधी ऐकू येतो. आवाज आला की चालणं थांबवायचं, बोलणं बंद करायचं आणि त्या दिशेचं फळावर आलेलं झाड शोधायचं. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात नर आपली हद्द राखायला धावून येतो आणि तेवढा वेळ ढोलीतली मादी उपाशी राहते.

माथ्यावर बाबूकड्याशी मात्र निवांत बसावं. खाली कोकणाची दरी असते, त्यामुळे धनेश उडताना वरून दिसतो, पंखांवरची खूण नीट पाहता येते. मोठा धनेश असेल तर काळ्या पंखाच्या मधोमध पिवळसर पांढरा पट्टा, पिवळसर मान आणि पांढऱ्या शेपटीवर आडवा काळा पट्टा. कवड्या धनेशाच्या पंखाची फक्त मागची कड पांढरी आणि शेपटीची बाहेरची पिसं पूर्ण पांढरी. पिसांत पिवळेपणा कुठंच नाही. मोठ्या धनेशाचा पिवळा रंग पिसांचा नसतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल तो चोचीनं पिसांना चोळतो, त्याचा तो रंग. पंखांचा आवाजही मोठ्याचाच दुरून येतो, कारण उड्डाणाच्या पिसांची मुळं खालून झाकलेली नसतात आणि हवा त्यांतून घोंघावत जाते.

मोठा धनेश इथं विरळ आहे. पश्चिम घाटात खंडाळ्यापासून दक्षिणेला त्याची जुनी हद्द, पण आज महाराष्ट्रात त्याची खरी भिस्त कोकणच्या उतारांवर आणि देवरायांवर आहे. कोयनेत तो हमखास दाखवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सव्वा मीटरपर्यंत लांबी, दोन ते चार किलो वजन, एवढ्या देहाला साधी ढोली पुरत नाही. धनेशाला सुतारासारखं लाकूड कोरता येत नाही. फांदी मोडून, आत कुजून, वर्षानुवर्षं पोकळ झालेलं खोडच त्याला लागतं, आणि तशी पोकळी जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातच तयार होते. बेहडा, आंबा, सातवीण. असली झाडं नदीकाठच्या खोल मातीत सर्वांत चांगली वाढतात, आणि कोयना-वारणेच्या खोऱ्यांचे तळ धरणांच्या पाण्याखाली गेले. वर राहिले ते उतार आणि सडे, म्हणजे जांभ्याची खडकाळ पठारं. जंगल कितीही राखलं तरी सड्यावरच्या जांभ्यात असला बुंधा उभा राहत नाही, हे इथल्या धनेशाचं मोठं दुखणं आहे असं आम्हाला वाटतं.

ढोली मिळाली की जानेवारी-फेब्रुवारीत मादी आत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा गर वापरून तोंड लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर काढण्यापुरती उभी फट. आत ती उड्डाणाची पिसं गाळते. मोठ्या धनेशाची एक किंवा दोन अंडी, 38 ते 40 दिवस उबवणं, आणि पिल्लू बाहेर पडेपर्यंत एकूण जवळपास चार महिने. मादी आत असेपर्यंत सगळा भार नरावर असतो. घशात फळं साठवून आणतो आणि फटीतून एकेक भरवतो. पिल्लू मोठं होऊ लागलं की सरडे, किडे, लहान पक्षीही आणतो. मोठ्या धनेशाची मादी पिल्लू अर्धं वाढल्यावर बाहेर येते आणि पिल्लू आतून तोंड पुन्हा लिंपतं. मलबारी राखी धनेशाची मादी पिल्लांबरोबरच बाहेर पडते.

म्हणून ढोलीखाली गर्दी करणं हा सरळ सरळ अन्नावरचा घाला आहे. नर माणूस दिसला की येत नाही, लांबच्या फांदीवर बसून राहतो. निदान 50 मीटर दूर, झाडाच्या आडोशाला बसावं, आणि नर दोनदा कचरला तर उठून निघून जावं. ढोलीचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, फोटोतला जागेचा तपशीलही काढून टाकावा. माहिती द्यायचीच तर वनखात्याला द्यावी. धनेशाचं तेल सांधेदुखीवर चालतं असा समज अजून आहे. त्याला काही आधार नाही, आणि मोठा धनेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केली तर किमान 3 वर्षांची कैद होते.

पुढचा टप्पा सांगली जिल्ह्यातला. पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणावती. 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, सुमारे 1165 चौरस किलोमीटरचा. आत गाडीनं, वाटाड्या घेऊनच जायचं. बहुतेक गाड्या झोळंबी सड्याकडे गव्याच्या ओढीनं पळतात. तुम्ही वाटाड्याला आधीच सांगा की पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या जागांपाशी थांबायचंय. घरांची जोती उरलीत, पण लोकांनी लावलेले आंबे, फणस, देवळापुढचे वड आणि ओढ्याचे उंबर उभे आहेत. माणसांनी राखलेली ही झाडं आज पाखरांचं कोठार झाली आहेत.

उंबर-वडांचं महत्त्व त्यांच्या वेळापत्रकात आहे. त्यांच्या फळात परागीभवन करणारी चिलटाएवढी गांधीलमाशी असते. बाहेर पडल्यावर ती एक-दोन दिवसच जगते आणि तेवढ्यात तिला कोवळी फळं असलेलं दुसरं झाड गाठावं लागतं. त्यामुळे एका भागातली सगळी झाडं एकदम पिकत नाहीत. एक संपतं तोवर दुसरं तयार होतं. जांभूळ आणि आंबा ठरावीक हंगामात येऊन जातात, उरलेल्या महिन्यांत धनेश तगतो तो यांच्यावर. काजऱ्याच्या विषारी बीभोवतीचा गरही धनेश खातात आणि बी तशीच उलटून टाकतात. ढोलीखाली उगवलेली रोपं बघा, नर कुठून कुठून काय आणतोय ते लगेच समजतं.

पोकळ झाडं कमी पडतात तिथं काय करता येतं, याची उदाहरणं आहेत. थायलंडच्या खाओ याईमध्ये जुन्या ढोल्या दुरुस्त करतात. आतला तळ कुजून खोल गेला की मादीची चोच फटीपर्यंत पोचत नाही, म्हणून माती भरून तळ वर उचलतात. साल वाढून तोंड आक्रसलं की ते रुंद करतात. सिंगापूरच्या पुलाऊ उबिन बेटावर कृत्रिम पेट्यांत धनेश वाढले. केरळात वाझाचालचे काडर आदिवासी आणि अरुणाचलात पक्केचे न्यिशी लोक ढोल्यांवर स्वतः पहारा देतात. आपल्या भागात आधी जुन्या बेहड्या-आंब्यांची गावनिहाय नोंद व्हावी. पेटीचा विचार त्यानंतर.

आणि उंबर-वड लावायचे तर ते व्याघ्र प्रकल्पाभोवतालच्या बफर क्षेत्राच्या गावांत, ओढ्याकाठी आणि बांधावर. वडाची मनगटाएवढी जाड, सहा-सात फुटी फांदी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावतात. वरच्या कापावर शेण लिंपायचं, दीड-दोन फूट खोल पुरायची, पाणी साचणार नाही अशा उतारावर. पाणी साचलं की बुड कुजतं. फांदी उलटी पुरली तर ती फुटत नाही, म्हणून कापतानाच बुडाकडचा काप तिरका घ्यावा. उंबर रोपानं लावलेला बरा. सड्यावर लावू नका, मातीच नाही. शेळ्यांपासून तीन वर्षं काटेरी कुंपण हवं, आणि फेब्रुवारीच्या आधी भोवतालचं गवत सहा फूट कापून घ्यावं, कारण वणवा त्याच सुमारास बांध चढतो.