बिनतारी प्रिंटरचा ठावठिकाणा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात, आणि त्याच सुमारास दहावी झालेली मुले व त्यांचे पालक शाळा सोडल्याचा दाखला आणि बोनाफाईड यांसाठी कार्यालयाच्या दारात उभे असतात. वर्षभर बऱ्यापैकी चालणारा आमच्या कार्यालयातला वायरलेस प्रिंटर नेमका याच दिवसांत ‘ऑफलाइन’ होतो. यात नशिबाचा काही भाग नाही. मृगाचे वारे सुटले की गावठाण फीडरवरची वीज दिवसातून कितीही वेळा जाते आणि येते, आणि वायरलेस प्रिंटरचे बहुतेक दुखणे त्याच्या पोटात नसून या जाण्या-येण्यात असते.

हे कोणाला पटवून देणे मात्र सोपे नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या या गावात प्रिंटर हा स्वभाव असलेला प्राणी समजला जातो. “सर, थो आज आयकूनच नाही राह्यला,” असे आमचे शिपाईभाऊ सकाळीच सांगतात, आणि त्यावरचा उपायही त्यांच्या हाताशी तयार असतो : बटण बंद करायचे, थोडे थांबायचे, पुन्हा चालू करायचे. या उपायाला मी नावे ठेवत नाही, कारण तो पुष्कळदा लागू पडतो. परंतु लागू पडतो म्हणूनच तो घातकही आहे. दाखला छापून निघाला की सगळे समाधानाने आपापल्या कामाला लागतात, आणि बिघाड नेमका कुठे होता याचा जो काही पुरावा होता तो त्या बटणासोबत पुसला जातो. पुढच्या वाऱ्या-वादळात तीच तक्रार पहिल्यापासून सुरू होते.

बिघाड कुठे होता, हे समजण्यासाठी राउटरचा कारभार थोडा समजून घ्यावा लागतो, आणि तो आठवडी बाजारासारखा आहे. राउटर आपल्या जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो. वीज सतत असली तर मुदत संपण्याआधीच प्रिंटर तोच पत्ता पुन्हा मागून घेतो आणि काही बिघडत नाही. वीज गेली की मात्र अनेक स्वस्त राउटर कोणाला कोणती जागा दिली होती ते विसरतात, आणि वीज आल्यावर जो आधी येईल तो बसेल असा प्रकार होतो. शिक्षकांचे मोबाइल खिशात जागेच असतात. ते लगेच येऊन बसतात. प्रिंटरला गरम व्हायला, रोलर फिरवायला, स्वतःची तपासणी करायला वेळ लागतो. तो येईपर्यंत टमाट्यांच्या जागी बांगड्यांचे दुकान लागलेले असते, आणि बाबूंचा संगणक मात्र ठरल्या गिऱ्हाइकासारखा जुन्याच जागी जाऊन टमाटे मागत राहतो.

हा प्रकार आम्ही जूनमध्ये प्रत्यक्ष पकडला. बाबूंनी ‘पिंग’ करून, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी हाकेला ओ देते का ते संगणकावरून विचारून, पाहिले तर ज्या पत्त्यावर छापण्याचा हुकूम जात होता तिथून व्यवस्थित उत्तर येत होते, त्यामुळे जाळे ठीक आहे, प्रिंटरच खराब आहे, असा निष्कर्ष निघून यवतमाळच्या तंत्रज्ञाला फोन लावण्याची तयारी झाली होती. तेवढ्यात प्रिंटरवरचे बटण थोडा वेळ दाबून धरले आणि त्याचे स्वतःच्या माहितीचे पान छापून घेतले. त्यावर पत्ता होता १९२.१६८.१.७, आणि संगणक सारे कागद पाठवत होता १९२.१६८.१.४ कडे. राउटरच्या यादीत ४ या आकड्यासमोर एका मोबाइलचे नाव होते, आणि तो मोबाइल गणिताच्या सरांचा निघाला. म्हणजे सकाळपासूनचे दाखले सरांच्या खिशाकडे जात होते, आणि पिंगला उत्तरही तिथूनच येत होते.

यावरचा खरा इलाज बटणाचा नाही, नोंदीचा आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक ओळख-क्रमांक मिळालेला असतो. प्रिंटरचा तो क्रमांक राउटरमध्ये नोंदवून ‘याला नेहमी हाच पत्ता द्यावा’ असे सांगून ठेवता येते. त्यानंतर संगणकात प्रिंटर नव्याने जोडताना त्याने आपोआप शोधलेल्या नावावर न विसंबता हा पत्ता स्वतः टाकला, की दोघांची चुकामूक होण्याचे कारण उरत नाही. याला जेमतेम चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो, पण राउटरचा पासवर्ड कोणाला माहीत असेल तर. आमचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या एका सरांच्या स्मरणात होता.

जागेचेही एक आहे. बरेच कार्यालयीन प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर बोलतात. या लहरी ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा भिंतीतून बऱ्या जातात, पण लोखंडापुढे त्यांचेही चालत नाही. शाळेच्या कार्यालयात लोखंडी कपाटांना तोटा नसतो, आणि आमचा प्रिंटर धूळ लागू नये म्हणून जनरल रजिस्टरांच्या दोन कपाटांमधल्या फटीत, वरून टेबलक्लॉथ पांघरून ठेवलेला होता. त्याला तिथून हात-दीड हात पुढे ओढल्यावर सिग्नलची एक दांडी दोन झाली. पावसाळ्यात ओल धरलेला कागद अडकतो ही तक्रार वेगळी; तिला कागदाचे रीम वेष्टनात ठेवणे एवढेच पुरते.

या सगळ्यात खरा मनस्ताप छपाईच्या रांगेचा होतो. प्रिंटर गप्प राहिला की माणूस पुन्हा ‘प्रिंट’ दाबतो, मग दुसरा येऊन दाबतो, आणि हे सारे हुकूम संगणकात एकामागे एक थांबून राहतात. दुपारी प्रिंटर जागेवर आला की एकाच मुलाचे दाखले धडाधड बाहेर पडू लागतात. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे लग्नपत्रिका नव्हे. मूळ प्रत एकच असते, नंतर दिल्या तर त्यावर ‘दुय्यम प्रत’ असे लिहून द्यावे लागते. त्यामुळे जास्तीच्या प्रती मोजून फाडणे हे मुख्याध्यापकांचे काम होऊन बसते. म्हणून प्रिंटर सुरू करण्याआधी रांग रिकामी करावी. ती रद्द होत नसेल तर संगणकातली ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवून, साठलेल्या फायली काढून, सेवा पुन्हा सुरू करावी.

प्रिंटरने आपल्याला काय झाले आहे ते सांगावे, ही अपेक्षा काही गैर नाही, आणि ती फार जुनी आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने तिथल्या प्रिंटरच्या प्रणालीत अशी सोय केली होती की कागद अडकला तर छपाईची वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई. नंतर आलेल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये ती सोय घालता येईना, कारण त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे ‘सोर्स कोड’, मिळेना. या अनुभवाचा मोठा वाटा असलेला ‘ग्नू’ प्रकल्प त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केला आणि कोणालाही वाचता-बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. एवढे सगळे होऊनही आमचा प्रिंटर अजून ‘ऑफलाइन’ या एका शब्दापलीकडे बोलत नाही.

स्कॅनरची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि ‘छपाई होते तर स्कॅन का होत नाही’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. छापताना संगणक प्रिंटरला शोधत जातो. यंत्रावरचे बटण दाबून कागद संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकायचा असेल तर उलट यंत्राला संगणक शोधावा लागतो. दिशाच बदलते. तेव्हा प्रिंटरचा पत्ता पक्का करून अर्धेच काम होते. संगणकाचाही पत्ता पक्का लागतो. शिवाय त्या फोल्डरचे दार उघडायला यंत्राजवळ संगणकाचे नाव आणि पासवर्ड दिलेला असतो, आणि बाबूंनी सुरक्षेच्या परिपत्रकाला मान देऊन पासवर्ड बदलला, की यंत्र जुनाच पासवर्ड घेऊन दारावर थापा मारत बसते. जुन्या यंत्रांना दारावर बोलण्याची जी जुनी भाषा येते, म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती, ती तर विंडोज १०च्या २०१७ सालच्या शेवटीशेवटीच्या आवृत्तीपासून नव्याने बसवताना मुळात दिलीच जात नाही. ईमेलवर स्कॅन पाठवण्याचा रस्ताही पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही : गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डावर चालणाऱ्या उपकरणांना मज्जाव केला असून, त्यासाठी आता निराळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ असताना हे समजावत बसण्यात अर्थ नसतो. तेव्हा मी बाबूंना यंत्राचे बटण सोडून संगणकावरूनच स्कॅन सुरू करायला सांगतो, कारण तेव्हा दिशा छपाईचीच राहते आणि काम होऊन जाते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर जे यंत्र वर्षानुवर्षे एकाच टेबलावर बसून राहणार आहे त्याला बिनतारी असण्याची गरजच नाही. त्याच्या पाठीमागे लॅन केबलचे छिद्र आहे, राउटर पलीकडच्या भिंतीवर आहे, केबलही महाग नाही. साठा नोंदवहीत ‘वायरलेस प्रिंटर’ असे लिहिलेले असताना त्याला वायर लावली तर ऑडिटला काय सांगायचे, ही मुख्याध्यापकांची शंका मी हसून बाजूला सारली. बाबूंची शंका मात्र रास्त आहे : शेजारच्याच खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत, तिथे उंदीर फार, आणि ते वायर ठेवणार नाहीत. वायर पाइपातून न्यावी असे ठरले आहे. पाइपाचा खर्च सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून, करायचा की शिक्षकांनी वर्गणी काढायची, यावर तूर्त मतभेद आहेत.