तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं खाऊनही बाळाचं वजन का वाढत नाही?

“प्रोटीन पावडरचे दोन डबे संपले, रोज डिंकाचा लाडू चालू आहे, तरी सोनोग्राफीत बाळ बारीकच. असं का?” सातव्या-आठव्या महिन्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेकदा सासूबाईच विचारतात.

उत्तर वारेत, म्हणजे प्लॅसेंटात आहे. आई जे खाते ते तिच्या रक्तात येतं. तिथून बाळाला पोचवायचं काम वारेचं. गरोदर नसताना गर्भाशयाला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त मिळतं. दिवस भरत येतात तेव्हा ते ६०० ते ७०० वर जातं. हे कसं होतं ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

गर्भाशयाच्या अस्तराकडे येणाऱ्या शंभरेक नागमोडी धमन्या असतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो, तो आवळला की धमनी बारीक होते. गर्भ रुजल्यावर वारेच्या पेशी या धमन्यांत शिरतात आणि तो स्नायू घालवून टाकतात. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला धमनीचं तोंड नरसाळ्यासारखं पसरतं. तासगावकडच्या द्राक्षबागेत पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून बघा. पाणी कमी येतं, पण फटकाऱ्यानं येतं आणि आळ्यातली माती उकरून टाकतं. अंगठा काढला की तेच पाणी सावकाश मुरतं. न रुंदावलेल्या धमनीतून रक्त असंच फटकाऱ्यानं येतं आणि वारेच्या कोवळ्या फांद्यांना इजा करतं.

पेशींनी किती खोल जायचं, हे ग्रोथ फॅक्टर ठरवतात. हे म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. आयजीएफ-२ सांगतो ‘वाढा, पुढे जा’. अस्तरातला टीजीएफ-बीटा सांगतो ‘थांबा’. दोन्ही निरोप हवेत. पहिला कमी पडला तर धमन्या अरुंद राहतात. जुन्या सिझरच्या व्रणावर अस्तरच धड नसेल, तर थांबवायला कुणी उरत नाही. वार गर्भाशयाच्या स्नायूत घुसते, बाळंतपणात सुटत नाही आणि रक्तस्राव जिवावर बेततो. आधी सिझर झालं असेल तर वार व्रणावर आहे का, हे सोनोग्राफीत मुद्दाम विचारून घ्या. आणि एक, आयजीएफ-२ चा निरोप बाळाला वडिलांकडून मिळालेल्या जनुकावरून निघतो. बाळ बारीक म्हणून सुनेला बोल लावू नका.

रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात एसफ्लिट-१ नावाचं प्रथिन जास्त सोडते. पीएलजीएफ आणि व्हीईजीएफ हे दोन फॅक्टर आईच्या रक्तवाहिन्या धड ठेवतात. एसफ्लिट त्यांना वाटेतच धरून ठेवतं. मग बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रथिनं जातात. यालाच प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. एसफ्लिट आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर रक्तात मोजता येतं. ते ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फार कमी.

आता पावडरीचं. अशक्त बाईला पोटभर चौरस जेवण मिळालं तर बाळाला फायदा होतोच. पण पाइपच अरुंद असेल तर तिसऱ्या डब्यानं तो रुंद होत नाही. मिश्री मात्र आजच सोडा. तंबाखूतलं निकोटिन धमन्या आवळतं.

पाइप रुंद व्हायचा काळ पहिल्या पाच महिन्यांचा, म्हणून ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ हे डॉक्टरांच्या बाबतीत पाळू नका. आधीच्या खेपेला बीपी वाढलं असेल, किंवा साखर, किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टर १६ आठवड्यांच्या आत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. अभ्यासात फायदा दिसला तो रात्रीच्या १५० मिलिग्रॅमचा, ३६ आठवड्यांपर्यंत. मनानं घेऊ नका. सातव्या महिन्यात सुरू केलं तर तेवढा उपयोग नाही. तेव्हा हाती राहतं ते बीपी, लघवी आणि डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) लक्ष ठेवणं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी येताना ओटीचं सगळं सामान येतं, फाइल सासरी राहते. ११ ते १४ आठवड्यांची ती सोनोग्राफी हाताशी नसेल तर तारीख पक्की करता येत नाही. मग ३२ आठवड्यांचं बारीक बाळ आणि ३० आठवड्यांचं ठणठणीत बाळ आम्हाला सारखंच दिसतं. ती फाइल आधी पिशवीत टाका.