आमची वाटचाल: क्रॉसचं काम

आबांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाळा घेतला तेव्हा पाटी रंगवायला मोजकेच पैसे उरले होते, म्हणून तिच्यावर एकच ओळ आली: ‘प्रोपेलर शाफ्ट व क्रॉसचे काम होईल.’ पाटी पुढे दोनदा बदलली, पण ओळ आम्ही तीच ठेवली.

सुरुवातीची सगळी वर्षं उसाची. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर दिवसरात्र पळायचे, आणि भरल्या ट्रकाचा क्रॉस फडातून बाहेर पडतानाच्या चिखलातच जायचा. ड्रायव्हर तुटका शाफ्ट खांद्यावर टाकून रात्री अकरा वाजता दारात उभा राहायचा. आबा जेवणावरून उठायचे. हंगामात झोपेचा हिशेब धरायचा नाही, हे आमच्या घरात मुलांनाही ठाऊक होतं.

क्रॉस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गिअरबॉक्स चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधलेला असतो, मागचा ॲक्सल मात्र स्प्रिंगच्या पाट्यांवर वरखाली होत राहतो. दोघांच्या मध्ये फिरणारी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. ती कोनात राहूनही फिरावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना सांधा लागतो. अधिकाच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार वाट्या आणि प्रत्येक वाटीत उभ्या रचलेल्या बारीक सुया, म्हणजे नीडल बेअरिंग. पुस्तकात याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचं नाव त्याला चिकटलंय. उद्यमनगरात तो फक्त क्रॉस.

या सांध्याची एक खोड आहे. कोनात फिरताना तो एकसारखा फिरत नाही. आत येणारा वेग स्थिर असला तरी बाहेर पडणारा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दहा अंशांच्या कोनाला हा फरक जवळजवळ दीड टक्का वर, दीड टक्का खाली. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे, एका रेषेत ठेवायचे आणि दोन्हीकडचे कोन सारखे राखायचे, म्हणजे एकाने केलेली चूक दुसरा फेडतो. आबांनी हे गणित कधी मांडलं नाही. शाफ्ट उघडण्याआधी ते दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायचे आणि म्हणायचे, “रेघेला रेघ लागल्याबिगर गाडी सोडायची न्हाई.” एकदा गडबडीत ती रेघ पुसली गेली आणि स्लीव्ह, म्हणजे शाफ्टचे दोन भाग जोडणारी खाचांची नळी, एका खाचेने फिरून बसली. तो ट्रक आठवड्यात परत आला, मधलं बेअरिंग फुटलेलं होतं. बेअरिंगचे पैसे आबांनी दिले. मी तेव्हा डिप्लोमा करून नुकताच गाळ्यावर बसायला लागलो होतो. वर्गात शिकलेलं समीकरण मला त्या दिवशी खरं कळलं.

आणि मग ती गाडी आली.

पुण्याचे एक गृहस्थ ट्रायम्फ स्पिटफायर घेऊन आले. मार्क थ्री, १२९६ सीसीचं इंजिन, दोन सीट, उघडं छत, रंग फिकट पिवळा. इंग्लंडमध्ये ही गाडी १९६२ ते १९८० बनत होती. अशी गाडी आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. शेजारच्या लेथवरची पोरं काम टाकून बाहेर आली. गृहस्थांची तक्रार साधी होती: “गिअर टाकून क्लच सोडला की मागून टक् असा आवाज येतो. रिव्हर्सला टाकली की पुन्हा टक्. आणि साठच्या पुढे सीटखाली थरथर.”

ही तर आमचीच बाराखडी. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली, शाफ्ट उतरवला. दोन्ही क्रॉस खरोखरच झिजलेले होते, सीलच्या कडेने लालसर भुकटी आलेली. ग्रीस संपून आत गंज धरला की पहिल्यांदा ही भुकटी दिसते. आम्ही दोन्ही क्रॉस बदलले, शाफ्ट बॅलन्स करून चढवला आणि शिरोली नाक्याच्या पुढे हायवेवर गाडी काढली. थरथर गेली. टक् मात्र तसाच.

तो दिवस मी विसरलेलो नाही. ट्रकमध्ये दोन क्रॉस बदलले की टक् जातो. गेला नाही तर दोष डिफरन्शियलच्या, म्हणजे शाफ्टची फेरी मागच्या दोन चाकांना वाटणाऱ्या गिअरांच्या, दात्यांत. मी तसंच सांगितलं आणि डिफरन्शियल उघडायची तयारी केली. सुटे भाग परदेशातून, खर्च मोठा. गृहस्थांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

आमच्याकडे संध्याकाळी चहाला एक वृद्ध मिस्त्री येऊन बसत. साठ-सत्तरच्या दशकांत ते हेराल्ड गाड्यांचं काम करत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचं बॉनेट उचलायला सांगितलं आणि अख्खं नाक मडगार्डांसकट पुढे उलटल्यावर म्हणाले, “आरं बाळ, ही हेराल्डच हाय की! मागच्या दांड्यात हात घालून बघितलंस का?”

मी बघितलं नव्हतं. ट्रकच्या मागच्या ॲक्सलमध्ये क्रॉस नसतो, सरळ लोखंडी नळीत सरळ दांडे. पण स्पिटफायर बेतली होती ट्रायम्फ हेराल्डच्या चासीवर, आणि हेराल्डचं मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र झुलतं. डिफरन्शियल चासीला बांधलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट, आणि प्रत्येकाच्या आतल्या टोकाला एकेक क्रॉस. म्हणजे या गाडीत क्रॉस चार. आम्ही दोन बदलून बसलो होतो. हीच हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून भारतात बनवली. आमच्या रस्त्यांवर ती वर्षानुवर्षं धावली, तिचं दुखणं दुरुस्त करणारे हात आमच्याच गावात होते, आणि मी डिफरन्शियल फोडायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना खुर्चीवर बसवून काम सुरू केलं. डाव्या हाफ शाफ्टचा फ्लँज धरून दांडा उलटसुलट पिळला तर बोटांना स्पष्ट खेळ लागला. उजव्याला त्याहून जास्त.

हे काम ट्रकच्या शाफ्टसारखं चार बोल्ट काढून होत नाही. या गाडीची मागची स्प्रिंग एकच आहे, आडवी, डिफरन्शियलच्या डोक्यावर बांधलेली आणि तिची टोकं दोन चाकांपर्यंत गेलेली. गाडी उचलली की चाकं आत मुडपून लोंबकळतात आणि ती आणखी खाली जाऊ नयेत म्हणून शॉकअप त्यांना धरून ठेवतो. जॅकचा आधार न देता शॉकअपचा बोल्ट काढला तर स्प्रिंग झटक्याने खाली येते. मिस्त्रींनी हे तीनदा बजावलं. आधी चाकाच्या उभ्या लिंकखाली जॅक लावून भार उचलला, मग शॉकअप, रेडियस आर्म, हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप, स्प्रिंगच्या डोळ्यातला बोल्ट, आणि शेवटी आतल्या फ्लँजचे चार बोल्ट. सगळे नट इंची, आमचे मिलिमीटरचे पाने भिंतीवरच राहिले. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, काढायची गरज नसते. तो दांड्याच्या निमुळत्या टोकावर इतका घट्ट बसलेला असतो की उगाच ओढायला गेलं तर नुकसानच होतं. हब, ड्रम, दांडा असं सगळं एकसंध बाहेर घेतलं.

क्रॉस काढताना उद्यमनगरात सर्रास हातोडा चालतो. ट्रकच्या जाड योकला तो सोसतो. या गाडीचा योक नाजूक आहे आणि तो वाकला किंवा भोक लांबलं तर नवा क्रॉस कितीही चांगला असो, वाटी योकमध्येच फिरायला लागते. म्हणून आम्ही वाइस वापरला. वाटी जागेवर धरून ठेवणाऱ्या कडीच्या, म्हणजे सर्कलिपच्या, खाचेतला गंज टोकदार अवजाराने खरवडला, चारही सर्कलिप काढल्या. एका बाजूला वाटीपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला वाटी आत मावेल असा मोठा सॉकेट, आणि वाइस हळूहळू आवळला. वाटी इंच न् इंच मोठ्या सॉकेटमध्ये सरकली. डाव्या क्रॉसच्या टोकांवर सुयांचे चरे बोटाच्या नखाला लागत होते. उजव्याच्या एका वाटीत सुयाच नव्हत्या, फक्त लाल पीठ. आणि वाटीच्या बाहेरून कुठल्या तरी आधीच्या गॅरेजात घातलेली पातळ पत्र्याची पट्टी निघाली. सैल वाटी पट्टीने घट्ट केलेली. ते बघून मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवे क्रॉस मिळवायला तीन आठवडे गेले. बाजारात जवळपासच्या मापाचे होते, पण व्हर्निअरला वाटी केसभर लहान येत होती, आणि केसभर म्हणजे पुन्हा पट्टी. मी गृहस्थांना फोन करून थांबायची विनंती केली. माल ब्रिटनमधून मागवला.

बसवताना मी एक क्रॉस वाया घालवला. वाटी आत ढकलताना एक सुई सटकून तळाशी आडवी पडली. सर्कलिप खाचेत बसेना, मी जोर दिला, आणि सुई मोडली. मिस्त्रींनी शांतपणे सगळं पुन्हा उघडायला लावलं. सुया ग्रीसच्या थराने वाटीला चिकटवून ठेवायच्या, क्रॉसचं टोक आधीच वाटीच्या तोंडात आणून ठेवायचं, मग दोन्ही बाजूंनी थोडंथोडं आवळायचं. सर्कलिप अडली तर थांबायचं, आत काहीतरी आडवं आहे. चारही बसल्यावर योकच्या कानाला पितळी हातोडीची हलकी टिचकी, म्हणजे वाट्या सर्कलिपला टेकतात आणि सांधा मोकळा होतो. दांडा आडवा धरला तर सांधा स्वतःच्या वजनाने वळायला हवा, पण पिळून खेळ जाणवायला नको. ही पारख पुस्तकात वाचून येत नाही, हाताला शिकवावी लागते.

गाडी वाघबिळाच्या चढाने पन्हाळ्यापर्यंत नेली. क्लच सोडला, काही नाही. रिव्हर्स टाकला, काही नाही. उतरताना वळणावर मिस्त्रींनी माझ्या दंडाला धरून सांगितलं, ॲक्सिलरेटर एकदम सोडू नकोस. या जुन्या मांडणीत वळणावर भार हलला की मागचं चाक पोटाखाली मुडपतं आणि गाडीची शेपूट सुटते. ट्रायम्फने १९७० च्या मार्क फोरमध्ये स्प्रिंगची बांधणी बदलली ती याच कारणाने. आपल्याकडे हेराल्डनंतरच्या स्टँडर्ड गॅझेलला तर सरळ ट्रकसारखा अखंड ॲक्सल आला.

पहिल्या दोन क्रॉसची मजुरी मी घेतली नाही. त्या गृहस्थांनी पुण्यातल्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मित्रांना आमचं नाव सांगितलं. आधी एक हेराल्ड आली, मग बेळगावहून दुसरी, मग गोव्याहून एक एमजी. वर्षाला मोजून आठ-दहा गाड्या. घर आजही उसाच्या ट्रकांवर चालतं, हे लपवायचं कारण नाही. पण या आठ-दहा गाड्यांनी ट्रकांचं काम बदललं. आता आमच्याकडे ट्रकचा क्रॉसही प्रेसवरच निघतो. वाटीचं माप वहीत लिहिल्याशिवाय नवा क्रॉस कपाटातून निघत नाही. काढलेला क्रॉस पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. चरे त्यांनी स्वतःच्या नखाने तपासावेत. पट्टीचं काम आम्ही करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

आबा आता गाळ्यावर रोज येत नाहीत, मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची पितळी हातोडी त्यांच्या मुलाने आम्हाला आणून दिली. माझी पुतणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत कामाला येते. या घडीला घोड्यांवर सांगलीची एक हेराल्ड उभी आहे. डावा क्रॉस तिनेच काढला, सुया डबीत मोजून ठेवल्यात. उजव्याची सर्कलिप गंजून खाचेत रुतली आहे, तिच्यावर कालपासून तेल सोडून ठेवलंय.