तुमची वारी मी चालते

2020 साली प्रस्थान तेवढं झालं. 13 जूनला आळंदीत मोजक्या लोकांत सोहळा झाला आणि माउलींच्या पादुका तिथेच थांबल्या. पायी वारी होणार नाही हे मे महिन्यातच कळलं होतं, तरी बाबांनी पडशी भरून ठेवली होती, टाळ पुसून ठेवले होते. त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला.

बाबा ठाण्यात साकेतच्या पुढे कोविड रुग्णालयात, आई वर्तकनगरला सील केलेल्या इमारतीत, मी खारेगावात. फाटकावर पिशवी द्यायची, तिच्यावर बाबांचं नाव आणि बेड नंबर लिहायचा आणि मागे फिरायचं, एवढंच हातात. पहिल्या दिवशी फोनवर बाबा धापा टाकत म्हणाले, "यंदा वारी चुकली गं." मी बोलून गेले, "चुकली कुठे? तुमची मी चालते." बोलले ते बोलले. रिक्षा शोधली तर मिळायची, पण मग ती शोधली नाही. पिशवी पाठीला, मास्क तोंडाला, आणि कळवा नाका, खाडीपूल, कारागृहाची भिंत, साकेतचा रस्ता. पूल लागला की 'ज्ञानोबा-माउली-तुकाराम' सुरू करायचं. मोठ्याने म्हटलं की मास्कमध्ये दम कोंडायचा, म्हणून पावलागणिक एक नाव.

कुठला दिवस कुठला ते आता सांगता येत नाही. आज पालखी सासवडला असती, आज जेजुरीत भंडारा उधळला असता, आज नीरास्नान, असं आई फोनवर सांगायची. तिला सगळे मुक्काम पाठ. दिवे घाट मी पुलाच्या चढावर केला.

राग फार यायचा. फोन लावला की आधी कोरोनाची ती सूचना संपूर्ण ऐकायची, आणि तेवढ्या वेळात काय काय मनात येऊन जायचं. नातेवाईक काढ्याचे मेसेज पाठवत होते. आईच्या शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. सगळ्यात जास्त राग विठोबाचा. मार्चपासून त्याचं देऊळ बंद, आत तो आणि रखुमाई, बाहेर आम्ही. जनाबाईने त्याला शिव्या घातल्या आहेत, मीही घातल्या, कारागृहाच्या भिंतीकडेने चालताना, मोठ्याने. मग पूल उतरेपर्यंत पुन्हा तेच नाव तोंडात असायचं.

एका दुपारी पाऊस मध्येच थांबला आणि ऊन तापलं. ओल्या सँडलचा पट्टा सकाळपासून टाचेला घासत होता. साकेतच्या रस्त्यावर पाऊल टेकवेना. सँडल काढली तर टाचेवर लिंबाएवढा फोड, पाण्याने टच्च भरलेला. एका सोसायटीच्या फाटकाशी मी भिंतीला धरून उभी राहिले. आतून वॉचमन आला, पन्नाशीचा, निळा गणवेश, गळ्यात माळ. त्याने आपली खुर्ची उचलून फाटकाबाहेर ठेवली आणि चार पावलं मागे झाला.

"बसा माउली. टाच भरलीय."

माउली म्हटल्यावर मी बघतच राहिले. गेले कित्येक दिवस मला सगळे 'पेशंटचे नातेवाईक' म्हणत होते.

तो तरडगावचा. पालखीचा तिथे मुक्काम असतो, त्या दिवशी तो कुठूनही गावी जायचा आणि वारकऱ्यांचे पाय रगडायचा. यंदा दोन माणसांची ड्यूटी एकटाच करत होता. पिशवीतून त्याने सुई काढली, गणवेशाची बटणं शिवायला ठेवलेली. काडी पेटवून टोक तापवलं, दोरा ओवला, तो खोबरेल तेलात भिजवला आणि कागदावर ठेवून कागद स्टुलावर ठेवला. पुन्हा चार पावलं मागे.

"हात लावता येत नाही बघा यंदा. मी सांगतो तसं करा. एका कडेनं घाला, दुसरीकडनं काढा. घाबरू नका, वरचं कातडं मेलेलं असतं."

मी सुई घातली. दुखलं नाही. दोऱ्यावरून पाणी ओघळलं.

"आता दोन्ही बाजूंनी बोटभर सोडून तोडा. दोरा आतच राहू द्या, उद्यापर्यंत पाणी निथळतं. कातडं सोलायचं नाही अजिबात."

मग त्याने कॅन आणला आणि हात लांब करून माझ्या दोन्ही पायांवर पाणी सोडलं, सावकाश, चिखल निघेपर्यंत. आणि तिथूनच वाकून जमिनीला हात लावून नमस्कार केला. मला रडू फुटलं. बाबा दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा. तो काही बोलला नाही, फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "बाबांना सांगा, तरडगावची सेवा पोचली."

त्या संध्याकाळी बाबांचा ऑक्सिजन 88 होता. हरिपाठ आम्ही फोनवर म्हणायचो, आई एका ओळीवर, मी दुसऱ्या, मेळ कधीच बसायचा नाही, आई चिडायची. बाबा पालथे झोपून ऐकायचे. मी तरडगावचं सांगितलं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, मग म्हणाले, "म्हणजे अर्ध्यावर आलो." त्या आवाजावर मला वाटलं, हा माणूस घरी येणार. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. तरी वाटलं, आणि त्या रात्री मी झोपले.

दशमीला पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, टीव्हीवर बघितल्या. 1 जुलैला एकादशी. दुसऱ्या दिवशी सकाळी 7 पासून ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, कळवा नाक्यावर पोलिसांना रोज कागद दाखवावा लागे. त्याच लॉकडाऊनमध्ये बाबा घरी आले, हडकलेले, टाळ उचलवेना.

2022 ला वारी पुन्हा पायी निघाली. बाबांना घाट झेपणार नव्हता, आम्ही पुढे गाडीने जाऊन तरडगावात दिंडीला मिळालो. बाबा घराघरांत विचारत होते, ठाण्याला वॉचमन आहे का कुणी तुमचा. एका घरी पिठलं-भाकरी वाढणारी बाई म्हणाली, आहे की, माझा भाऊ, पण तो घोडबंदरला. बाबा तिथेच मांडी घालून बसले. पहिली भाकरी संपली तशी तिने न विचारता दुसरी टाकली, आणि बाबा म्हणाले, "अर्धी लेकीला द्या. माझ्या वाटचं चाललीय ती."