गुप्त संवताच्या एका रकान्यापायी आठ दिवस

वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी मला एक तक्ता करायचा होता. 4 सप्टेंबर 476 ला ओडोएकर या सेनानीने पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला गादीवरून खाली ओढलं, त्या दिवशी कुठे कोणतं साल चालू होतं? 78 वजा केले, शके 398 मिळालं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सहाच दिवसांपूर्वी डायोक्लेशियन सनाचं, म्हणजे त्या नावाच्या रोमन सम्राटापासून मोजलेल्या सनाचं, 193 वं वर्ष लागलं होतं. तासाभराचं काम, असं वाटलं.

मग आला गुप्त संवत, म्हणजे गुप्त राजघराण्याची कालगणना. सारनाथला बुधगुप्त या गुप्त राजाच्या काळातली बुद्धमूर्ती आहे, अभयमित्र भिक्षूने दिलेली. तिच्यावरच्या लेखात 157 वर्षं ‘समतिक्रान्ते’, म्हणजे उलटल्यावर, असं म्हटलंय. आता उलटली म्हणजे चालू वर्ष 158 धरायचं? एक पुस्तक म्हणे 319 मिळवा, दुसरं म्हणे 320. 476 लिहिलं, खोडलं, 477 लिहिलं, पुन्हा खोडलं. रकान्याला भोक पडलं तेव्हा बायको म्हणाली, “अहो, नवा कागद तरी घ्या!”

आठव्या दिवशी अकराव्या शतकातल्या अल्बेरुनी या विद्वानाने सोडवलं. तो सांगतो, गुप्तांचा काळ शकानंतर 241 वर्षांनी सुरू होतो. 241 आणि 157, बरोबर 398! आपल्या शकातही उलटलेलीच वर्षं मोजायची रीत आहे, म्हणजे गत शकासमोर गत गुप्त. मी एवढ्यांदा ‘जमलं’ म्हणालो की शेजारचे डोकावले.

विक्रम संवत लिहिताना जपा. चैत्रापासून धरलं तर 533, कार्तिकापासून धरलं तर त्या दिवशी अजून 532 च. अजिंठ्याच्या आशेवर तर राहूच नका. 16 व्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा एवढा मोठा लेख, पण संवताचा आकडा नाही.

हो, आणि कलियुगाची सुरुवात इसवी सनपूर्व 3102 ची मानतात, पण त्याचं वर्ष काढताना इसवी सनात 3102 नव्हे, 3101 मिळवायचे, कारण इसवीत शून्य साल नाही. पडताळा आर्यभटाकडे मिळतो. कलीची 3600 वर्षं झाली तेव्हा आपण 23 चे होतो, असं तो सांगतो. म्हणजे 499, आणि जन्म पुन्हा 476!

एवढं करून तक्ता द्यायला गेलो, तर तिथल्या फॉर्मवर ‘इसवी सन’पुढे चारच चौकोन. मूर्तीचं साल मी 476-77 लिहिलेलं, कारण ते चैत्र ते फाल्गुन चालतं. टेबलावरचा मुलगा म्हणाला, “काका, एकच आकडा टाका ना.” अरे, इसवी सनाची मोजणीच डायोनिसियस नावाच्या ख्रिस्ती साधूने 525 मध्ये काढली! 476 मध्ये रोमवाले त्या वर्षाला बॅसिलिस्कस आणि आर्माटस या कॉन्सुलांच्या, म्हणजे त्या वर्षीच्या मानाच्या पदाधिकाऱ्यांच्या, नावाने ओळखत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन पुढे केलं. मी 476 टाकलं, 77 समासात.