कळणा शेवटी

परवा दुपारी डबा घेऊन गिरणीत गेलो. गिरणीवाल्याने झाकण उघडून आत पाहिलं, "कळणा? मंग शेवटी," म्हणाला आणि डबा पायाने बाजूला सरकवला.

कळण्याचा नंबर कायम शेवटचाच. आधी लोकांचे गहू, मग ज्वारी-बाजरी, त्यानंतर आम्ही. चार शेर ज्वारीला शेरभर सालाचे काळे उडीद आणि वर खडेमीठ, सगळं एकत्रच दळायचं. यानंतर कुणाचे गहू पडले तर त्याच्या घरी पोळ्या खारट, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवर भांडण. जळगावात हे कुणाला सांगावं लागत नाही. पुण्याच्या एका मित्राने मात्र एकदा विचारलं होतं, "कळण्याची भाकरी? खाऊन काय कळतं?" म्हटलं, तहान लागलेली कळते.

मग गिरणीच्या पायरीवर बसलो. उन्हात पिठाची धूळ तरंगत होती. एरवी कळणा दळून आणायचं काम बायकोचं. या खेपेला मी गेलो, कारण साखर जरा वर निघाली आणि मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जावं लागलं. त्यांनी तक्ता दिला. सकाळी अमुक, रात्री तमुक, आणि दुपारी 'मिलेट, डाळीसोबत'. ज्वारीत लायसिन कमी पडतं, उडदात ते भरपूर असतं, म्हणून दोन्ही एकत्र खा, असं त्यांनी छान समजावून सांगितलं. मी मान डोलावली. फी भरून घरचीच भाकरी परत मिळाली होती. २०२३ साली ज्वारी-बाजरीचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, सरकार त्यांना श्रीअन्न म्हणायला लागलं, तेव्हापासून आमची ज्वारीसुद्धा मॉलमध्ये पाकिटात बसायला शिकली आहे. गरिबाघरची म्हणून जिला पाहुण्यांसमोर लपवत असू, ती!

तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती : 'रोज दहा मिनिटं मन शांत ठेवणे.' त्यासाठी मुलीने मोबाइलवर ॲप टाकून दिलं. ते नेमकं फोडणी तडतडत असताना घंटा वाजवतं आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतं. मिरचीची फोडणी असते हो. घेऊन पाहा.

आमच्या मोठ्या मायचं ध्यान चुलीपुढे चालायचं. यावलकडच्या आमच्या घरी संध्याकाळी ती परातीत कळणा मळायला घ्यायची आणि तोंडाने हरिपाठ सुरू व्हायचा. भाकरीवर पडणारी थाप हाच टाळ. हरिपाठ संपेस्तोवर टोपली भरलेली असायची. भाकरी तव्यावर टाकताना फाटली की मधेच एक कचकचीत शिवी, आणि पुन्हा त्याच चरणापासून. पांडुरंगाला त्याची सवय झाली असावी. आम्ही पोरं भाकरीवर कच्चं तेल ओतून, ठेच्याला बोट लावत बसायचो. हिवाळ्यात तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. कुणी किती खाल्ल्या हे विचारलं की ती रागवायची. "घास मोजू नाई रे भाऊ."

आता मी सगळंच मोजतो. पावलंसुद्धा.

पण मोठी माय खात होती तसंच खावं, हे म्हणायची सोय तिनेच ठेवली नाही. सत्तरीनंतर तिचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि तेवढं तर तिच्या ठेच्यालाच लागायचं. आईने तिच्यापुरता बिनमिठाचा कळणा दळून आणला. तिने दोन घास खाल्ले, ताट सरकवलं. "हा काय कळणा हाये? नुसतं पीठ हाये." नंतर मात्र तक्रार बंद झाली. आम्हाला वाटलं, म्हातारी समजूतदार झाली. ती गेल्यावर देवघर आवरताना मुक्ताईच्या तसबिरीमागे उदबत्तीचा रिकामा पुडा सापडला. त्यात खडेमीठ होतं.

आईने तो पुडा फेकला नाही. फडताळात बरेच दिवस होता, एका पावसाळ्यात आतल्या आत पाझरून गेला.

"भो, मीठ टाकेल हाये का याच्यात?"

गिरणी रिकामी झाली होती. तो माझा डबा उचलून उभा. तक्त्यात मिठाखाली लाल रेघ आहे हे आठवलं. डबा मीच भरला होता, पण मीठ टाकलं की नाही ते काही केल्या आठवेना. चिमूटभर दाणे तोंडात टाकले. उडीद दाताखाली कडकन वाजला, मिठाचं काही समजलं नाही.

"हाये," मी म्हणालो. त्याने डबा वर ओतला.