पावतीसारखी फाटलेली पट्टी

इचलकरंजीत गारमेंटच्या शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. कापड, लायनिंग, फार तर जीन्स. चामड्याशी संबंध म्हणजे पायातली चप्पल. म्हणून कोल्हापूरच्या सुभाषनगरातून एका पोराचा फोन आला, "मेस्त्री, जीन्सची मशीन घेतलीया, तिच्यावर चामड्याच्या बॅगा शिवायच्यात," तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होतो.

पोराच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपलेचं काम. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, आजोबा अजून रोज चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी घेऊन बसतात. पोराला मात्र बॅगा करायच्या होत्या, आणि हातानं बॅग शिवायची तर आठवड्याला दोन होतात. एका बंद पडलेल्या युनिटातून त्यानं जुकीची डीडीएल ८७०० एच स्वस्तात उचलली होती. निवड चुकीची नव्हती. ही जाड कापडाची मशीन आहे, टाका ५ मिलिमीटरपर्यंत जातो आणि सुई डीपी-५ जातीची बसते. साध्या मशिनीतल्या डीबी-१ सुईचा मशिनीत बसणारा दांडा १.६२ मिलिमीटरचा, हिचा २ चा. चामड्यात सुई वाकायची नसेल तर हा फरक मोठा आहे.

खरी अडचण वेगाची. खाली क्लच मोटर होती, कायम पूर्ण वेगानं फिरणारी, मिनिटाला २८५० फेरे. पायाचा अंगठा हलला की मशीन सुसाट. कापडाला ते चालतं, कारण चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. चामड्यात पडलेलं भोक कायमचं. शिवाय त्या वेगात सुई तापते आणि नायलॉनचा दोरा वितळून तुटतो. क्लच काढून वेग कमी-जास्त करता येणारी सर्वो मोटर लावली. पण सर्वो हळू चालवली की तिचा जोर कमी पडतो, चार थर आले की घुं करून जागेवर थांबते. म्हणून मधे एक शाफ्ट टाकून लहान-मोठ्या पुल्यांवर वेग एक तृतीयांश केला. मोटर सहाशेवर, मशीन दोनशेवर. सेकंदाला तीनेक टाके, आणि जोर तिप्पट. एक रुपयाच्या नाण्याच्या कडेनं फिरावं एवढं लहान वळण घेता यायला लागलं. पोरगं खूश.

मग बारीक कामं. अठरा नंबरच्या जागी एकवीसची सुई घातली, म्हणजे जाडी १.१० वरून १.३०. त्रिज्येत वाढ ०.१ मिलिमीटरची, पण खालून दोरा पकडणाऱ्या शटलची नोक सुईला घासायला तेवढी पुरते. शटल सैल करून मागं घेतलं, सुई-शटलचं टायमिंग पुन्हा बांधलं, मोठ्या भोकाची प्लेट टाकली. खालचे दाते चामड्यावर चावल्यासारख्या खुणा पाडत होते, त्यांची टोकं तेलदगडावर मारून बोथट केली. वरचा लोखंडी फूट चामड्याला चिकटत होता, खालचा थर पुढं जायचा आणि वरचा मागं राहायचा. तिथं टेफ्लॉनचा फूट लावला. वॉकिंग फूटची, म्हणजे वरचा थरही फूटच पुढं सरकवतो अशी मशीन असती तर यातलं निम्मं करावं लागलं नसतं, पण ती घेण्याएवढे पैसे असते तर पोरानं मला बोलावलंच नसतं.

दुपारी तीनच्या सुमारास २ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून शिवल्या. अडीच मिलिमीटरचा टाका, वरच्या-खालच्या दोऱ्याची गाठ बरोबर मधे. मला स्वतःलाच टाका आवडला. पट्टी आजोबांच्या हातात दिली.

त्यांनी ती उन्हात धरली, नखानं शिलाईवरून रेघ ओढली आणि दोन्ही हातांनी आडवी ताणली. पावतीपुस्तकातली पावती फाडावी तशी पट्टी शिलाईच्या रेषेवर सरळ फाटली. दोरा मात्र धड होता.

"मेस्त्री, ही शिलाई केलासा का कापणी?"

मी दोऱ्याचं टेन्शन बघितलं, दोरा बघितला, चामडं सुकं आहे का विचारलं. खरं सांगायचं तर चामड्यावर खापर फोडायची माझी तयारी चालली होती. आजोबांनी आरी उचलून टोक माझ्यापुढं धरलं. गोल नव्हतं, चपटं होतं. "ह्ये पातं हाय. शिलाईच्या रेघंत धरलं तर भोकाला भोक भिडतंय. तिरकं धराय लागतंय." त्यांनी चामड्यावर पाच-सहा भोकं टोचून दाखवली. प्रत्येक चीर तिरकी, आणि दोन चिरांच्या मधे चामडं शाबूत.

मी सुई काढून भिंगाखाली धरली. दुकानदारानं "लेदरची सुई" म्हणून पाकीट दिलं होतं, मी नंबर बघितला आणि घेतलं. पाकिटावर नंबराच्या शेजारी "एस" होतं, ते वाचलंच नव्हतं. कापडाच्या सुईचं टोक गोल असतं, ते धागे बाजूला सारून आत जातं. चामड्यात सारायला धागे नसतात, म्हणून चामड्याच्या सुईला पात्यासारखं टोक असतं, आणि ते पातं कुठल्या दिशेनं कापतं ते अक्षरावरून कळतं. एस म्हणजे शिलाईच्या रेषेतच चीर. एलआर म्हणजे तिरकी चीर. एस सुई लांब टाक्यासाठी असते. मी तिच्यावर अडीचचा टाका लावला होता. एकवीस नंबरची चीर, लगेच पुढची चीर, मधे नावापुरतं उरलेलं चामडं. बावीस वर्षांत हे अक्षर बघायची वेळच आली नव्हती.

कोल्हापुरात त्या दिवशी डीपी-५ मधली एलआर सुई चार दुकानांत विचारूनही मिळाली नाही. तात्पुरता उपाय म्हणून टाका ताणून ५ वर नेला. आजोबांनी पुन्हा ताणून बघितलं, या वेळी पट्टी टिकली. "धड हाय. पण लांब दिसतंय, पोत्याच्या शिलाईगत." पोराचा चेहरा उतरला. मुंबईहून सुया मागवल्या, त्या चौथ्या दिवशी आल्या. साडेतीनचा टाका, तिरका, आणि पट्टी फाटेना.

पोरानं मग कमरेच्या पट्ट्याचा विषय काढला, दोन थर मिळून सात मिलिमीटर. फूट उचलून ते खाली सरकतं, पण सरकलं म्हणजे शिवलं जातं असं नाही. मी चार मिलिमीटरच्या वर हात लावू नको म्हणून सांगितलं. पट्टे आजोबांकडंच राहिले.

एक गोष्ट सांगायची मी विसरलो, ती आठवड्यानं फोनवर कळली. ही मशीन स्वतःच्या पंपानं तेल वर चढवते आणि तो पंप वेगावर चालतो. दोनशेवर तेल वर येतच नाही, म्हणून पोरगं भरपूर हातानं घालत होतं. जास्तीचं सुईदांडीवरून उतरून बिनरंगाच्या बॅगेवर पडलं, रुपयाएवढा काळपट डाग. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार. मी गेलो तेव्हा बॅग परातीत होती आणि आजोबा तिला चपलेला लावतात तसं गोडेतेल चोळत होते. सगळं चामडं एकसारखं गडद झालं होतं आणि डाग कुठं होता ते शोधूनही सापडेना. त्यांनी वर न बघताच मला विचारलं, "दांडीला चिंधी बांधताय न्हवं?"